पहिल्या नंबरचा आवाज

टेरी लॅक्सटनने खुंटीवरचा ओव्हरकोट काढला, दोन्ही बाह्या झटकल्या आणि सिरिलच्या पाठीमागे अदबीने धरून उभा राहिला.

“चला, सिरिल. पबची दारं उघडली असतील आता.”

सिरिल टॉम्लिनने बाह्यांत हात घातले नाहीत. त्याने काचेसमोरची एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसला आणि पायावर पाय टाकला.

“आज मी ऐकणार आहे,” तो म्हणाला.

“काय ऐकणार?”

“रेकॉर्डिंग. युनियन मला त्यासाठीच पाठवते.”

टेरी हसला. विनोद संपला की माणूस उठेल, या समजुतीने त्याने कोट तसाच धरून ठेवला. सिरिल उठला नाही. काचेपलीकडे सॅटिन ब्रिगेड या बँडचे तीन वादक आपापली वाद्यं खोळीत भरत होते. त्यांनी हात थांबवले आणि इकडे पाहू लागले. सोहोतल्या त्या तळघरात सकाळचा सेशन पबच्या वेळेला संपतो, हे त्यांनाही पाठ होतं.

हा सगळा प्रकार त्या काळी लंडनमधल्या प्रत्येक स्टुडिओत चालायचा. टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम लागे आणि अर्धा देश जेवणाची ताटं मांडीवर घेऊन तो बघे. ज्याची रेकॉर्ड त्या आठवड्यात वर चढलेली असेल तो येऊन गात असे. गात असे म्हणजे ओठ हलवत असे, मागे टेप वाजे. पण वादकांच्या युनियनचा एक नियम होता. दुकानात विकली जाते ती रेकॉर्ड टीव्हीवर वाजवायची नाही. गाणं त्याच लोकांनी पुन्हा वाजवायचं, पुन्हा गायचं, एका सकाळच्या सेशनमध्ये, आणि युनियनचा माणूस समोर बसलेला असताना. यंत्राने वादकाच्या तोंडचा घास काढू नये, इतकाच त्यामागचा हेतू, आणि हेतूला नावं ठेवायला जागा नव्हती. आता जी रेकॉर्ड करायला पंधरवडा खपलेला असतो ती एका सकाळीत पुन्हा कशी व्हायची? म्हणून सगळ्यांनी मिळून एक तोड काढली होती. पबची दारं उघडली की निर्माता युनियनच्या माणसाला बिअर पाजायला घेऊन जाई. दोघे परत येईपर्यंत टेबलावर कोऱ्या डब्यात टेप तयार. तुम्ही नव्हतात तेवढ्यात काय झकास जमून गेलं, असं इंजिनिअर सांगे. आत असे मूळ रेकॉर्डचीच नक्कल. युनियनचा माणूस डब्यावर सही करी. युनियनला हे ठाऊक होतं, टीव्हीवाल्यांना ठाऊक होतं. वरून कीर्तन, आतून तमाशा. सिरिल गेली चार वर्षं या कीर्तनाला टाळ धरत आला होता.

त्याआधी तो ट्रॉम्बोन, म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या नळीचा पितळी कर्णा, वाजवायचा. हॅमरस्मिथच्या डान्स हॉलमध्ये शनिवारी पाय ठेवायला जागा नसायची तेव्हापासूनचा तो. मग दात गेले. कवळी लावून ट्रॉम्बोन फुंकता येत नाही. ओठांना मागून आधारच राहत नाही. युनियनने दया येऊन त्याला हे काम दिलं. तेव्हापासून तो दर बुधवारी सकाळी अशा तळघरांत उतरत होता आणि दर वेळी त्याला किळस येत होती. हेअर-स्प्रेच्या वासाची किळस, पोरांच्या गालांवर आदल्या दिवशीची चमकी तशीच राहिलेली असे तिची किळस, टाचांखाली विटा बांधल्यासारखे ते बूट, बेंबीपर्यंत उघडे शर्ट, आणि या सगळ्याच्या मधोमध तीन सुरांचं एखादं गाणं. एड्नाला, म्हणजे बायकोला, तो म्हणायचा की घरी आल्यावर मला हात धुवावेसे वाटतात. ती म्हणायची, मग धुवा.

आजच काय झालं होतं? आज असं काही झालं नव्हतं, शुक्रवारी झालं होतं. पर्सीचा अंत्यविधी होता. पर्सी म्हणजे सिरिलच्या जुन्या बँडचा डबल-बासवाला, आडदांड पण मनाने मऊ. विद्युतदाहिनीच्या त्या छोट्या प्रार्थनागृहात जुन्या बँडमधले पाच जण पहिल्या बाकावर दाटीवाटीने बसले होते, आणि पाद्र्याने मान हलवल्यावर भिंतीतून कॅसेट सुरू झाली. पाच वादक गप्प बसलेले आणि पर्सीला निरोप देतंय यंत्र. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. सुरुवातीला टेप थोडी घसरली, सूर डगमगला. बाहेर आल्यावर सगळ्यांनी एकमेकांना म्हटलं, छान झालं सगळं. घरी येईपर्यंत त्याने ठरवलं होतं, की पुढच्या वेळी आपण खुर्चीतून उठायचं नाही.

आणि पुढची वेळ नेमकी या गाण्याची निघाली.

‘रूबी, फोन कर’ तिसरा आठवडा पहिल्या नंबरावर होतं. खाटकाच्या दुकानात तेच, न्हाव्याकडे तेच, बसचा कंडक्टर तिकीट फाडताना तेच गुणगुणे. रूबी, फोन कर, मी घरीच आहे. अर्थ एवढाच, आणि तोही पुन्हा पुन्हा. सिरिलने ते पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकलं तेव्हा तो दाढी करत होता. त्याने वस्तरा खाली ठेवला. तो आवाज डग फेन्समचा होता! डग त्यांच्याच बँडमध्ये गायचा. आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला, क्रॉयडनला राहणारा डग जाहिरातींत कुत्र्यांच्या बिस्किटांचे गोडवे गात असे. एके दुपारी बोलावणं आलं, जाऊन गायला, चहाच्या वेळेला घरी. सिरिलने त्याला फोन केला, तर डगला या गोष्टीचं सोयर ना सुतक.

“काल बिस्किटांसाठी गायलो, परवा रूबीसाठी,” तो म्हणाला होता. “खरं सांगू? बिस्किटांची चाल बरी होती.”

रेकॉर्डच्या वेष्टणावर मात्र सॅटिन ब्रिगेडचा गायक म्हणून रिकी डायमंड नावाचा एक पोरगा रुपेरी कपड्यांत दात काढून उभा होता. मुली त्याच्या गाडीच्या काचांना ओठ लावत, असं पेपरात आलं होतं. आयत्या बिळावर नागोबा!

टेरीने शेवटी कोट खुर्चीवर टाकला आणि गोडीत घेऊन पाहिलं. रिकीचा घसा बसलाय म्हणाला. काचेपलीकडे रिकी डायमंड गुडघ्यांवर कागद पसरून बेकन सँडविच खात बसला होता.

“घसा बसला असेल तर टीव्हीवाल्यांना तसं कळवू,” सिरिल म्हणाला.

टीव्हीवाल्यांना कळवणं म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होतं. संध्याकाळच्या आत टेप पोचली नाही तर सॅटिन ब्रिगेडची जागा दुसऱ्या नंबरवरच्या एका डच नवरा-बायकोच्या जोडीला मिळणार होती. गुरुवारी न दिसलेली रेकॉर्ड सोमवारी घसरते, आणि घसरलेली पुन्हा चढत नाही. टेरीने आणखी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. नवं रेकॉर्डिंग कितीतरी घरांच्या पोटावर पाय देईल, ऑर्केस्ट्रा तर आज बोलावलेलाच नाही, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने तरी समजून घ्यावं. सिरिल ऐकत होता. खरं तर तो बघत होता: टेरीच्या छातीवरच्या केसांत गुंतलेली सोन्याची साखळी, आणि ती साखळी बोलताना कशी वरखाली होते ते. मग टेरीचा तोल गेला आणि तो ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला.

“तुझं काय जातंय रे यात? चार वर्षं ढोसत आलास, तेव्हा कुठे होता तुझा नियम?”

“माझ्याबरोबर. पबमध्ये.”

मधलं दार उघडंच होतं; काचेपलीकडचा ड्रमवाला हसला. टेरी लाल झाला. सिरिलला स्वतःच्या हजरजबाबीपणाचा आनंद झाला खरा, पण तो पुरता घशाखाली उतरला नाही; टेरी म्हणाला त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि चार वर्षांच्या त्या फुकटच्या बिअरची चव त्याच्या तोंडात आंबट होऊन आली. तो तेवढ्यानेच आणखी चिडला. बोलण्याचं बटण दाबून त्याने रिकीला उभं राहायला सांगितलं.

पोरगा बोटं पँटला पुसत माइकपाशी आला. जवळून तो वेष्टणावरच्यापेक्षा किरकोळ दिसत होता. कानामागे चमकीचा थर होता, हनुवटीवर पुटकुळ्या.

“नाव काय तुझं? खरं नाव.”

“कीथ. कीथ अ‍ॅक्रॉइड.”

“कुठला?”

“रॉदरहॅम.”

“गाता येतं, का नुसतीच कंबर हलवता येते?”

“कंबर यांनी शिकवली,” कीथ म्हणाला. “गाणं आधीपासूनचं.”

उत्तर उद्धट आहे की सरळ, हे सिरिलला ठरवता आलं नाही. त्याने इंजिनिअर बार्नीला टेप सुरू करायला सांगितली. बार्नीने टेरीकडे पाहिलं, टेरीने छताकडे पाहिलं, आणि टेप फिरू लागली.

झालं ते भयंकर झालं. डगचा आवाज मुळात उंच, साखरेच्या पाकातला. गाणं त्याच्या मापाचं शिवलेलं. कीथ त्या उंचीला टाचा वर करकरून पोचायला बघत होता. दुसऱ्याच ओळीत आवाज फाटला, तिसरीत तो नाकातून निघाला, आणि रूबीचं नाव घेताना तर एखाद्याच्या पायावर पाय पडावा तसं काहीतरी बाहेर आलं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. सिरिल मांडीवर हात ठेवून ऐकत होता आणि त्याला बरं वाटत होतं, खरूज खाजवल्यावर वाटतं तसं. हाच तो पहिला नंबर. याच्याच गाडीच्या काचेला पोरी ओठ लावतात.

“झालं समाधान?” टेरीने विचारलं.

झालं होतं. तो तिथेच उठला असता आणि टीव्हीला फोन करून, हात झटकून घरी गेला असता. पण गाण्याच्या शेवटी एक ओळ खाली उतरते. डग ती ओळ घाईघाईने उरकून टाकतो, कारण तिथे त्याच्याकडे आवाजच नाही. त्या ओळीवर कीथ टाचा टेकवून सरळ उभा राहिला होता आणि तेवढे चार शब्द वेगळे आले होते. बाकी कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. सिरिलने ते ऐकलं होतं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणं त्याला, एवढं सगळं होऊनही, जमलं नाही.

त्याने पुन्हा बटण दाबलं. “किती खाली जातो आवाज तुझा?”

“चॅपलमध्ये गाताना मला खालच्या सुरातल्यांच्या ओळीत उभं करायचे. खाणीतल्या लोकांबरोबर.”

“मग इथे वर काय मरायला चढलास?”

कीथने खांदे उडवले. “रेकॉर्डवर तसं आहे ना.”

सिरिलने गिटारवाल्याला पट्टी चार सुरांनी उतरवायला सांगितली. गिटारवाला कुरकुरला, मग त्याने बोटं नवीन जागी बसवून पाहिली. ड्रमवाल्याला सांगितलं की कुणाची गाडी चुकत नाहीये, सावकाश वाजव. हे सांगताना सिरिल काचेजवळ जाऊन उभा राहिला होता, आणि आपण केव्हा उठलो हे त्याला कळलं नाही.

दुसऱ्या वेळी कीथने डोळे मिटले. गाणं तेच मूर्ख होतं. तीन सूर, तेच शब्द, रूबी, फोन कर, मी घरीच आहे. पण डगच्या तोंडी ते वाक्य म्हणजे रविवारची मजा होती. हा पोरगा म्हणत होता तेव्हा घरात खरोखर कुणीतरी बसलेलं होतं, फोनकडे पाठ करून, आणि तो फोन वाजणार नव्हता. आवाज मोठा नव्हता. तो जमिनीलगत चालत होता, आणि प्रत्येक वेळी नाव घेताना थोडा थांबत होता, नाव घ्यावं की नाही असा. वादकांनी आपण होऊन हात हलके केले. दोन ओळींच्या मधे एक मोकळी जागा होती. तिथे सिरिलचा उजवा हात कोपरातून सरळ झाला, पुढे गेला आणि सावकाश मागे आला. जिभेने त्याने कवळी दाबून धरली होती.

गाणं संपल्यावर बार्नीने टेप थांबवायलाही थोडा वेळ लावला.

“हे बाहेर जाता कामा नये,” टेरी म्हणाला. तो हळू बोलला, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच खरं बोलतोय असं वाटलं.

“का? वाईट आहे?”

“चांगलं आहे. तेच तर. लोकांनी दुसराच माणूस घरी नेऊन ठेवलाय, सिरिल. उद्या याने तोंड उघडल्यावर ते विचारतील, मग आमच्या घरात आहे तो कोण? पेपरवाले तर कच्चा खातील. माझं राहू दे. या पोराला पुन्हा कोण उभं करील?”

“हा गातोय म्हणून कुणी उभं करणार नाही, असं म्हणतोस तू.”

“होय. असंच म्हणतोय.”

सिरिलने टेप डब्यात घालून घेतली, डबा गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. चार वर्षांत अशा कितीतरी डब्यांवर त्याने सह्या केल्या होत्या; त्यांतली ही एकच खरी होती. टेप आपण स्वतः टीव्हीच्या इमारतीत नेऊन देऊ, वाटेत कुणाच्या हातात पडू देणार नाही, असं त्याने जाहीर केलं. टेरी फोनकडे धावला. सिरिलने स्वतःचा कोट स्वतःच घातला आणि डबा काखेत मारून बाहेर पडला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पर्सी असता तर त्याला सांगितलं असतं, की अरे, निघाला एक. या सगळ्या उकिरड्यात निघाला एक.

कीथ तळघराच्या जिन्यात बसला होता. वाट अडवूनच बसला होता म्हणायचं. सिरिलने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि उद्या तुझे ओठ हलतील तेव्हा आवाजही तुझाच असेल, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. स्तुती करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते जरा दरडावल्यासारखंच निघालं. कीथ उठला नाही.

“मिस्टर टॉम्लिन, ती टेप परत ठेवाल?”

सिरिलला वाटलं, टेरीने पढवून पाठवलाय. त्याने तसं विचारलंही. कीथने नाही म्हणून मान हलवली आणि मग जिन्याच्या पायरीकडे बघत तो बोलू लागला. आई शाळेत पोरांना जेवण वाढायचं काम करते. बाप खाणीतल्या धुळीने गेला. रेकॉर्ड आली तेव्हा आईने शेजारणींना बोलावलं, केक केला, आणि सगळ्यांच्या देखत रेकॉर्ड लावली. तो त्या दिवशी घरी होता. आधी सांगू म्हणत होता, की आई, कपडे माझे आहेत, बाकी काही नाही. पण रेकॉर्ड सुरू झाली आणि आईने त्याला बोलूच दिलं नाही.

“पहिल्या ओळीलाच तिने हात वर केला,” कीथ म्हणाला. “म्हणाली, हा बघा, हा माझा कीथ. हजारांत ओळखीन. तिथे एका शब्दावर तो माणूस श्वास अडवतो ना जरासा? ती म्हणाली, हे त्याचं लहानपणापासूनचं. पाळण्यात रडायचा तेव्हाही अस्संच अडायचा.”

सिरिलला तो श्वास माहीत होता. सिगारेटी ओढून ओढून डगची छाती तिथे भरायची. हॅमरस्मिथलाही भरायची.

“मग सांग तिला आता.”

“पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर निभावलं असतं. आता चॅपलमध्ये पाद्र्यानेसुद्धा तिला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. शाळेतली पोरं तिला गाणं म्हणून दाखवतात. गुरुवारी आमच्या घरात निम्मी गल्ली असेल. लोक हसतील ते ती सोसेल, तिने पुष्कळ सोसलंय. पण लोकांचं नाही हो. आपल्याला आपलं पोरगं ओळखू आलं नाही, हे तिला टीव्हीवरून कळेल.”

“आज तू गायलास ते?”

“आवडलं मला,” कीथ म्हणाला. “मुद्दाम नीट गायलो. म्हटलं एकदा तरी.”

वर रस्त्यावरून एक लॉरी गेली आणि जिन्याचा कठडा थरथरला. सिरिलला खूप बोलायचं होतं. ज्या आईने चॅपलमध्ये इतकी वर्षं हाच आवाज ऐकला तिला तो आता परका वाटेल, आणि कुत्र्याची बिस्किटं विकणारा डग फेन्सम तिला आपल्या पोटचा वाटतो, यापेक्षा ओंगळ काय असतं, हे त्याला विचारायचं होतं. पण विचारायचं कुणाला? आईला नाही आणि समोरच्यालाही नाही. टेरीला तर नाहीच, त्याला यातलं काहीच कळलं नसतं. चीड उतरवायला जागा मिळेना, तशी ती छातीतच राहिली.

“तुम्ही एरवी जाताच ना पबमध्ये,” कीथ म्हणाला. “हवं तर मी येतो बरोबर.”

सिरिल परत खाली गेला. टेरी फोनवर कुणाच्या तरी हातापाया पडत होता. सिरिलने डबा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. टेरीने फोन हाताने झाकला, डब्याकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “समजूतदार माणूस आहात तुम्ही.”

तो पुन्हा ‘तुम्ही’वर आला होता. सिरिलला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. वाटलं आणि राहून गेलं.

पबमध्ये दुपारची गर्दी अजून यायची होती. दोन म्हातारे डॉमिनो मांडून बसले होते. काउंटरमागे नवीन बाई होती, पिवळ्या केसांची, पन्नाशीतली. बोटांत अंगठ्या आणि कमरेला ओला फडका. तिने सिरिलकडे पाहिलं, मग कीथकडे, मग पुन्हा कीथकडे, आणि फडका खाली ठेवला.

“तू तोच ना?”

कीथ हसला. त्या हसण्यात दात बरोबर वेष्टणावर दिसतात तितकेच दिसले. तिने दोघांना बिअर दिली. माझ्या मुलीने भिंतभर तुझे फोटो लावलेत, नवरा गेल्यापासून घरात तेवढंच काय ते हसणं-खिदळणं आहे, असं बरंच काही ती सांगत राहिली. मग म्हणाली की आता तू गायल्याशिवाय मी तुला सोडत नाही, एक ओळ तरी. म्हाताऱ्यांनी डॉमिनोवरून माना वर केल्या.

“घसा बसलाय,” कीथ म्हणाला.

“मग साथीला रेकॉर्ड लावते की. त्यात काय.”

ती काउंटरबाहेर आली, कोपऱ्यातल्या जुकबॉक्सपाशी गेली आणि न शोधता बटण दाबलं. ड्रम सुरू झाले. काउंटरवरचे ग्लास हलू लागले इतका आवाज तिने चढवला होता.

कीथने ग्लास बाजूला सारला. एक हात काउंटरवर टेकला, मान किंचित तिरपी केली आणि तोंड उघडलं. सिरिल हातभर अंतरावर होता. त्याला दिसलं की पोरगा जराही चुकत नाही. शब्दाला शब्द, ओठाला ओठ. जिथे डगची छाती भरते तिथे कीथची छाती थांबली, बरोबर तेवढीच, आणि डोळे ओलसर झाले तेही ज्या ओळीला व्हायला हवेत त्याच ओळीला. गळ्याची घाटी वरखाली होत होती. बाहेर पडत होता तो फक्त श्वास, बेकनचा वास असलेला. बाई दोन्ही हात छातीशी धरून उभी होती, म्हातारे बोटांनी टेबलावर ताल धरत होते.

शेवटची खालची ओळ डगने नेहमीसारखी घाईघाईत गुंडाळली. कीथनेही गुंडाळली.

बाईने टाळ्या वाजवल्या. डोळे पुसले, स्वतःशीच हसली.

“अगदी रेकॉर्डसारखा गातोस रे,” ती म्हणाली, आणि सिरिलकडे वळली. “नाही हो?”

कीथही सिरिलकडेच बघत होता.

“तसूभर फरक नाही,” सिरिल म्हणाला.